दूधआई

बाळ आठव्या महिन्यातच झालं, सव्वा किलोचं. तिसरा दिवस उजाडला तरी मला पान्हा फुटेना. सासूबाई अळिवाची खीर घेऊन येत; पंप लावून चिकाचे जेमतेम दोन थेंब निघत. डॉक्टरांनी विचारलं, "दूधपेढीतलं दूध देऊ या का?"

मी गप्प झाले. परक्या बाईचं दूध पाजलं, तर मी आई कितपत उरते? मातृऋण आपण दुधानेच मोजतो. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरणारी हिरकणी लहानपणापासून मनात ठसलेली. पाजताच न येणारी आई त्या गोष्टीत नव्हती.

रात्री कृष्ण आठवला. जन्म देवकीचा, दूध यशोदेचं. कार्तिकेयाला तर सहा कृत्तिकांनी पाजलं. इस्लाममध्ये पाजणारी दूधआई ठरते आणि दूधभावंडांत लग्न निषिद्ध होतं. म्हणजे दूध नातं तोडत नाही, जोडतं. मग माझ्या आईपणातून वजा काय होणार होतं? मी दुधाला माझी मालमत्ता समजत होते. ते बाळाचं अन्न होतं.

शिवाय दूधपेढी ही काही नवखी गोष्ट नव्हती. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. अशा पेढीत दात्या आईची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात.

सकाळी मी हो म्हटलं. नवव्या दिवशी मलाही पान्हा फुटला, पण तोवर माझ्या लेकीला कुण्या अनोळखी आईने जगवलं होतं.

बाळंतिणींनो, बाळाला पाजून दूध उरत असेल, तर जवळच्या दूधपेढीत देऊन या.