दप्तरातील पिस्तूल आणि शेजारप्रीती

वर्गात शिक्षक शिकवीत आहेत. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याच्या दप्तरात भरलेले पिस्तूल असेल. पण ते कोणाच्या दप्तरात आहे, हे शिक्षकांना ठाऊक नाही आणि शेजारी बसलेल्यालाही नाही. ही कल्पना नव्हे. अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या सरकारी विद्यापीठांत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानेच याला मुभा दिली आहे. सामान्यतः परवानाधारकाला आवारात पिस्तूल बाळगता येते. अट एवढीच की, ते कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये. ऑस्टिनच्या विद्यापीठात प्राध्यापकाला आपल्या स्वतंत्र खोलीत शस्त्र आणण्यास मनाई करता येते, वर्गात मात्र करता येत नाही.

याच विद्यापीठात बरोबर ५० वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, एका विद्यार्थ्याने उंच मनोऱ्यावरून गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले होते. त्या दिवशी काही नागरिकांनीही आपापल्या बंदुका आणून मनोऱ्याच्या दिशेने गोळ्या झाडल्या होत्या. म्हणून या कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. ते विचारतात, दुर्जन कायदा पाळीत नाही, मग सज्जनानेच निःशस्त्र का राहावे? पोलीस येईपर्यंतच्या त्या काही मिनिटांत दुर्बळाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? रात्री ग्रंथालयातून एकट्याने परतणाऱ्या मुलीच्या मनातील भीती खरी आहे, आणि तिच्यापुढे तत्त्वज्ञान सांगणे सोपे आहे.

ख्रिस्ती जनांतही यावर एकमत नाही. टेक्ससच्या कायद्याने खाजगी विद्यापीठांना निर्णयाचे स्वातंत्र्य दिले, तेव्हा बेलर, सदर्न मेथॉडिस्ट आणि टेक्सस ख्रिश्चन या विद्यापीठांनी पिस्तुलांना आवारात परवानगी नाकारली. उलट व्हर्जिनिया राज्यातील लिबर्टी या ख्रिस्ती विद्यापीठाच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०१५ मध्ये विद्यार्थ्यांना परवाने काढण्याचा भर सभेत आग्रह केला. शास्त्र एकच, वाटा दोन!

शस्त्राच्या बाजूने बोलणारे लूककृत शुभवर्तमानातील दोन तलवारींकडे बोट दाखवितात. पण त्याच अध्यायात त्याच रात्री एक तलवार उपसली गेली, तेव्हा प्रभूने काय केले, हेही वाचले पाहिजे. त्याने शिष्याला थांबविले आणि आपल्याला धरावयास आलेल्यांतील जखमी दासाचा कान बरा केला. तेवढ्यावरून राज्यकारभाराचा प्रत्येक प्रश्न सुटतो, असे मी म्हणत नाही. परंतु प्रभूच्या दृष्टीने तो दास शत्रूच्या गोटात उभा असतानाही शेजारीच राहिला, हे विसरता येत नाही.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार केले. मृतांत एक भारतीय प्राध्यापक आणि मुंबईहून शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनी होती. त्या दिवशी ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हिऊ लिब्रेस्कू वर्गाचे दार अंगाने दाबून उभे राहिले. नाझींच्या छळातून वाचलेला तो यहुदी गृहस्थ दाराशी मृत्यू पावला. त्याचे बहुतेक विद्यार्थी खिडक्यांतून उड्या मारून वाचले.

त्यांच्याजवळ पिस्तूल असते तर तेही वाचले असते, असे कोणी म्हणेल. तसे झालेही असते. मी ते नाकारीत नाही. पण संकट येण्यापूर्वीच्या हजारो शांत दिवसांचे काय? विद्यापीठ चालते ते विश्वासावर. शिक्षकाला निर्भयपणे ‘तुझे चुकले’ म्हणता आले पाहिजे, नापास करता आले पाहिजे. विद्यार्थ्याला मोकळेपणाने वाद घालता आला पाहिजे. उघडे शस्त्र एकाच माणसाविषयी सावध करते. लपविलेले शस्त्र मात्र सगळ्यांनाच संशयित करते. कारण ज्याच्याजवळ काही नाही, त्याच्याकडेही तसेच पाहावे लागते.

ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिकांनी हेच गाऱ्हाणे न्यायालयात मांडले. भयामुळे वर्गातील चर्चा कोमेजते, असे त्यांचे म्हणणे होते. इतर लोक पुढे काय करतील याच्या अनुमानावर ही हानी आधारलेली आहे, असे सांगून अपील न्यायालयाने २०१८ मध्ये दावा फेटाळला. कायद्याला हानी दाखवावी लागते, हे योग्यच. पण प्रीतीचा हिशेब निराळा आहे. आपल्यामुळे शेजाऱ्याच्या मनात भय बसले, तर आपण गोळी झाडली नाही एवढे म्हणून आपली सुटका होत नाही.

चांगला शोमरोनी त्या धोक्याच्या वाटेवर थांबला, तेव्हा लुटारू जवळपास दबा धरून नाहीत, याची हमी त्याला कोणी दिली नव्हती. त्याने धोका पत्करला, म्हणून तो शेजारी ठरला.

वाचकहो, आपल्या घरांतील मुले आज त्या विद्यापीठांत शिकावयास जातात. त्यांच्या सुरक्षिततेसाठी आपण प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत आणखी एक मागणे घालू या : आपल्या मुलांना ज्याचे भय वाटते, त्याला शत्रू ठरविण्यापूर्वी शेजारी म्हणून पाहण्याचे धैर्य त्यांना मिळो, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला त्यांचे भय कधी न वाटो.