सेवा, त्याग आणि वेतन

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपून मी काशीमीऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. भाची नुकतीच परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून घरी आली होती. तिच्या हातात एका खाजगी रुग्णालयाचे नेमणूकपत्र होते. रुग्णालय लहान, चाळीस खाटांचे. पगार महिना १५,००० रुपये, पाळी बारा तासांची, आठवड्याची सुट्टी एक. कागद माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “मामा, हो म्हणू की नको म्हणू?”

मी बोलण्याआधीच बहीण म्हणाली, “अगं, सेवेचं काम आहे हे. त्यात पैशाकडे काय बघायचं? देव कमी पडू देणार नाही.” मेहुण्यांचे मत व्यवहारी होते. “सुरुवातीला सगळ्यांना एवढंच मिळतं. दोन वर्षं काढ, अनुभव पदरात पडला की आखातात जाता येईल.” दोघांच्याही बोलण्यात माया होती. परंतु घरी परतताना माझ्या ध्यानात आले, की मूळ प्रश्नाला दोघांनीही हात घातला नव्हता. हे वेतन न्याय्य आहे काय?

बाजाराचे उत्तर सोपे असते. देणारा राजी, घेणारा राजी, मग अन्याय कुठला? ख्रिस्तसभेने हे उत्तर कधीच पुरेसे मानलेले नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात स्पष्ट सांगितले, की उभयतांच्या करारापेक्षाही जुना आणि श्रेष्ठ असा एक निसर्गदत्त न्याय आहे. काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याचा निर्वाह वेतनातून व्हायलाच हवा. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीने कुणी त्याहून कमी पत्करले, तर त्या होकाराने अन्यायाचा न्याय होत नाही. एका अर्थी तो होकार नव्हेच. ती बळजबरी आहे.

पवित्र शास्त्राचा स्वरही हाच आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे अनुवादाचे पुस्तक बजावते. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच देवाकडे आक्रोश करते, असे याकोब आपल्या पत्रात लिहितो. द्राक्षमळ्याचा दाखला मुख्यतः देवाच्या कृपेचा आहे. तरीही त्यातला एक तपशील विसरण्याजोगा नाही. संध्याकाळी कामावर आलेल्यालाही मळ्याचा धनी पुरा दीनार देतो, आणि दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी होती. उशिरा आलेल्यालाही घर असते, आणि त्या घरी चूल पेटायची असते.

मग बहिणीच्या म्हणण्याचे काय? परिचर्या ही सेवा आहे, हे कोण नाकारील? आमच्या कित्येक धर्मभगिनींनी रुग्णांच्या उशाशी आयुष्य वेचले आणि वेतनाचा विचारही मनात आणला नाही. परंतु त्यांनी दारिद्र्याचे व्रत स्वेच्छेने, देवापुढे घेतलेले असते. आणि त्यांच्या आजारपणाची व म्हातारपणाची काळजी त्यांचा संघ वाहतो. माझ्या भाचीने असे व्रत घेतलेले नाही. तिच्या घराचे वीजबिल सेवाभावाने भरले जात नाही. त्याग ही देण्याची वस्तू आहे; ती कुणाकडून वसूल करता येत नाही. दुसऱ्याच्या त्यागावर आपला हिशेब बसवणे याला त्याग म्हणत नाहीत.

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी देशभर लोकांनी दारांत आणि गच्च्यांवर उभे राहून डॉक्टर-परिचारिकांसाठी थाळ्या आणि टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खोट्या नव्हत्या. पण आदर हा वेतनात भर घालू शकतो, वेतनाची जागा घेऊ शकत नाही.

आता मोजमापाकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानुसार केंद्र सरकारने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी एक समिती नेमली. तिची शिफारस अशी : २०० हून अधिक खाटा असतील तर वेतन राज्य सरकारच्या परिचारिकेइतके, १०० हून अधिक खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी, आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही २०,००० रुपयांहून कमी नको. कामाचे तास आणि रजा सरकारी सेवेप्रमाणे असाव्यात, असेही समितीने म्हटले. केरळ सरकारने २०१८ साली २०,००० रुपये किमान मूळ वेतनाची अधिसूचनाच काढली. समितीची शिफारस हा कायदा नव्हे, हे खरे. पण निदान हाती एक माप आले.

त्या मापाने भाचीचा कागद मोजला. बारा तासांचे सव्वीस दिवस म्हणजे ३१२ तास. १५,००० ला भागले तर तासाला ४८ रुपये. आठ तासांच्या पाळीने २०,००० रुपये धरले, तर २०८ तासांचे तासाला ९६. म्हणजे वरवर पाच हजारांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात बरोबर निम्म्याचा होता. शिवाय ते माप २०१६ चे. तेव्हापासून काशीमीऱ्यातले घरभाडे कुठे थांबले आहे?

रुग्णालयाची बाजूही ऐकली पाहिजे. लहान रुग्णालयाला जागेचे भाडे असते, यंत्रांचे कर्ज असते, बिल कमी करा म्हणणारे रुग्ण असतात. खरोखरच हात आखडलेला असेल, तर मालकाने तसे मोकळेपणाने सांगावे आणि स्वतःच्या वाट्यालाही झळ घ्यावी. सगळी काटकसर परिचारिकेच्याच पगारात होत असेल, तर ती काटकसर नव्हे.

आणि जिला उद्याच्या धान्याची भ्रांत आहे, तिने तेवढ्यावरही होकार दिला तर तिला दोष नाही. दोष अडचणीचा फायदा घेणाऱ्याचा. पण जिला थोडे थांबणे शक्य आहे, तिने विचारल्याविना मान डोलावू नये. तिच्या मुकाट होकाराने तिच्यामागून येणाऱ्या मुलीचाही भाव ठरतो. म्हणून अधिक मागणे हा नेहमीच लोभ नसतो. कधी ते शेजारधर्माचे कर्तव्य असते.

भाचीने नकार दिला नाही. ती हिशेबाचा कागद घेऊन पुन्हा गेली. पाळी आठ तासांची झाली, पगार १७,००० ठरला, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहू असे लेखी मिळाले. न्याय पुरा झाला नाही. पण तो मागितला गेला. बहीण त्या दिवशी गप्प होती. मग हळूच म्हणाली, “आईला सांभाळायला बाई येते ना आपल्याकडे, तिला आपण काय देतो रे?”

मी मनातल्या मनात तास मोजू लागलो. त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.