मुंबई ते लंडन : तास कोण ठरवतं?

मुंबईहून लंडन सरळ हवाई अंतराने सुमारे ७,२०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर आखता येणारी ही सर्वांत आखूड रेघ पूर्वीही तेवढीच होती. प्रवाशाच्या वाट्याला येणारं अंतर मात्र पिढीगणिक बदलत गेलं.

शिडाच्या जहाजांना आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालावा लागे. ती वाट वीस हजार किलोमीटरच्या आसपास, आणि किती महिने लागतील हे वाऱ्याच्या मर्जीवर. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, वाट साडेअकरा हजारांवर आली आणि आगबोटीचा प्रवास काही आठवड्यांत उरकू लागला. विलायत जवळ आणायची तर रस्ता आखूड करायचा, असा तेव्हाचा हिशेब.

विमान आलं आणि हिशेब वेगाचा झाला. १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागत, आणि त्यातही बाझल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीने! १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले आणि मुंबई या साखळीला जोडली गेली. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. लंडन एका दिवसावर आलं. १९६० मध्ये या मार्गावर बोइंग ७०७ जेट धावू लागलं.

गंमत इथून पुढे आहे. ७०७ ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडे; आजचं ड्रीमलायनरही साधारण तेवढ्याच वेगाने उडतं. मग वेळ वाचला कुठे? थांब्यांमध्ये. इंजिनं कमी इंधनात लांब पल्ला गाठू लागली आणि वाटेतले थांबे गळाले. आता थेट विमानाला नऊ-दहा तास पुरतात. पश्चिमेकडून येणारे उंचावरचे जोरदार वारे जाताना अडवतात, परतताना ढकलतात; म्हणून परतीचा प्रवास एरवी लवकर संपतो.

वाऱ्याहून हट्टी असतं राजकारण.

१९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकी–टोकियो विनाथांबा विमान सुरू केलं. सोव्हिएत आकाश बंद असल्याने ते उत्तर ध्रुवावरून जाई, तेरा तासांत. पुढे ते आकाश खुलं झालं आणि वेळ साडेनऊ तासांवर आला. २०२२ मध्ये रशियाची हद्द पुन्हा बंद झाली, आणि अधिक आधुनिक विमानं असूनही प्रवास पुन्हा तेरा तासांचा झाला.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून लंडनला निघालेल्या भारतीय विमानाला अरबी समुद्रावरून वळसा आला. परदेशी कंपन्यांना ती मनाई नव्हती. शहरं तीच, अंतर तेच, पण शेपटावर कोणत्या देशाची नोंदणी आहे त्यावर तास ठरू लागले.

आज लांबच्या प्रवासाचं तिकीट काढणाऱ्याने किलोमीटर मोजण्यापेक्षा विमान कोणत्या आकाशातून जाणार, हे आधी पाहावं.