ओळखणारा आधी, ओळख मागाहून

मराठीत ‘ओळख’ हा एकच शब्द दोन अर्थांचा भार वाहतो. माणूस कोण आहे हे ज्यावरून कळते ती त्याची ओळख, आणि दोन माणसांमध्ये परिचयाचे जे नाते असते तीही ओळखच. व्यवहारात मात्र पहिला अर्थ दुसऱ्यापासून सुटा झाला आहे. ओळख ही ज्याने त्याने कमवायची, जपायची आणि इतरांपुढे सिद्ध करायची मालमत्ता होऊन बसली आहे, आणि तिच्यामागे ओळखणारा कोणीतरी असावा लागतो ही गोष्ट विस्मरणात गेली आहे. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे समजून घ्यायचे, तर हे दोन अर्थ पुन्हा एकत्र आणावे लागतात. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल आपल्या वाचकांना, ते देवाला ओळखू लागले आहेत, असे सांगता सांगताच थांबतो आणि वाक्य उलटे फिरवतो: त्याहून खरे हे, की देवाने त्यांना ओळखले आहे. या एका दुरुस्तीत ख्रिस्ती माणसाच्या आत्मभानाचा पाया आहे.

दोन प्रौढ माणसांच्या पहिल्या भेटीत नावापाठोपाठ ‘काय करता?’ हा प्रश्न येतो, दहावीच्या निकालाच्या दिवशी मुलाच्या नावाआधी टक्क्यांचा आकडा उच्चारला जातो, आणि नोकरी संपल्यानंतरही दारावरच्या पाटीवर नावाखाली ‘निवृत्त’ हा शब्द घालून जुने पद कोरून घेतले जाते. या सवयींना नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण त्या पाटीमागे तीस-पस्तीस वर्षांचे प्रामाणिक कष्ट असतात आणि कष्टाचा मान राखणे हा सुसंस्कृतपणाच आहे. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. यशावर उभी राहिलेली ओळख रोज राखावी लागते. यश वाढले तरी ती पुरेशी वाटत नाही, आणि यश ओसरले, आजारपण आले, पद गेले किंवा पुढची पिढी पुढे निघून गेली, की माणसाजवळचे काहीतरी कमी झाले असे न वाटता माणूसच कमी झाला असे वाटू लागते.

पौलाला हा हिशेब चांगला माहीत होता. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, कैदेत असताना, तो स्वतःच्या जमेच्या बाबी एकेक करून मांडतो: आठव्या दिवशी झालेली सुंता, इस्राएल वंशातील बन्यामिनाचे कुळ, इब्र्यांमध्ये इब्री असल्याचा अभिमान, नियमशास्त्र कसोशीने पाळणाऱ्या परूशी पंथातील स्थान, धर्माविषयीची आस्था आणि निर्दोष आचरण. ही यादी बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिचा पहिला भाग जन्माने मिळालेला आहे आणि दुसरा स्वतःच्या प्रयत्नांनी मिळवलेला. कुलाभिमान आणि कर्तृत्वाचा अभिमान हे एरवी परस्परांचे प्रतिस्पर्धी मानले जातात आणि जन्मावरून ठरणारे मोठेपण नाकारणारे लोक कर्तृत्वावरून ठरणारे मोठेपण निर्धास्तपणे स्वीकारतात. पौलाने मात्र दोन्ही एकाच वहीत लिहून, ख्रिस्ताच्या ओळखीपुढे दोन्ही हानीच्या रकान्यात टाकले आणि त्यांना केरकचरा म्हटले. त्यातली एकही बाब खोटी नव्हती. माणसाची किंमत ठरवण्याचे काम तिच्याकडून काढून घेतले गेले, इतकाच त्या कठोर शब्दाचा अर्थ आहे.

ही रिकामी झालेली जागा भरण्यासाठी पौल जे शब्द वापरतो त्यांपैकी दोन महत्त्वाचे आहेत. पहिला ‘कृपा’, म्हणजे पात्रता न पाहता देवाने केलेला स्वीकार. दुसरा ‘दत्तकपणा’, आणि मराठी वाचकाला तो विशेष जवळचा वाटावा. रोमन कायद्यानुसार दत्तक गेलेल्या व्यक्तीचे आधीच्या घराशी असलेले कायदेशीर नाते संपून तिला नव्या पित्याचे नाव व वारसाहक्क मिळत असे. इकडेही दत्तकविधानाने मुलाचे गोत्र बदलते. दत्तक मुलाला नव्या घराचे नाव मिळते ते त्याने त्या घरासाठी काही करून दाखवले म्हणून मिळत नाही. घरासाठी जे करायचे ते तो ते नाव घेऊन पुढे करतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याच दत्तकपणाच्या संदर्भात ‘अब्बा’ हा शब्द येतो. अब्बा म्हणजे अरामी भाषेत मुलाने बापाला मारलेली घरगुती हाक. अशी हाक मारणाऱ्याला दारात थांबून आपली लायकी सांगावी लागत नाही.

शुभवर्तमानांतला क्रमही हेच सांगतो. मार्काच्या वृत्तांतात येशू नासरेथाहून येऊन यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतो तेव्हा त्याने अजून एकही उपदेश केलेला नसतो, एकही आजारी बरा केलेला नसतो, एकही शिष्य जमवलेला नसतो. तरी आकाशवाणी त्याला प्रिय पुत्र म्हणते आणि त्याच्याविषयी संतोष व्यक्त करते. संतोष आधी आहे, कार्य नंतर. लगेच पुढे अरण्यातील परीक्षा येते आणि तिचे स्वरूप विचार करायला लावणारे आहे. मत्तयाच्या वृत्तांतात सैतान पहिल्या दोन्ही वेळा पुत्रत्वाचाच पुरावा मागतो, एकदा दगडांच्या भाकरी करून आणि एकदा मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून. तिसऱ्या वेळी तो जगातील सर्व राज्ये व त्यांचे वैभव देऊ करतो. जी ओळख नुकतीच दिली गेली आहे ती सिद्ध करून दाखव, हा आग्रहच मोहाचे मूळ रूप आहे. येशूने तो पुरावा दिला नाही, आणि या नकारातच त्याचे पुत्रत्व दिसते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या विचाराची सर्वांत कठीण कसोटी पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात झाली असे म्हणता येईल. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंना आईवडिलांनी संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेल्यावर त्या भावाबरोबर पुराणे सांगत पायी देशभर फिरल्या आणि 1878 साली कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ज्या काळात स्त्रीने अक्षर ओळखणेही अशुभ मानले जाई, त्या काळात विशीतल्या मुलीला मिळालेला हा मान किती मोठा होता, हे वेगळे सांगायला नको. पुढच्या चार वर्षांत भाऊ गेला, विवाह झाला, मुलगी मनोरमा जन्मली आणि पतीही कॉलऱ्याने गेला. कीर्ती आणि एकटेपण ही दोन्ही एकाच वेळी त्यांच्या वाट्याला आली.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी तिथल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात यामुळे खळबळ उडाली, तिची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यामानाने त्यांचा चर्चशी झालेला वाद कमी सांगितला जातो. चेल्टनम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांनी सुचवले तेव्हा त्यांनी त्याला हरकत घेतली, धर्मसिद्धांतांविषयी वाँटेजच्या धर्मभगिनींशी पत्रांतून स्पष्ट मतभेद नोंदवले, आणि आपला शाकाहारही सोडला नाही. ज्या समाजाने पदव्या दिल्या त्याच्या हाती ज्यांनी आपली ओळख ठेवली नाही, त्यांनी ती ज्या संस्थेने बाप्तिस्मा दिला तिच्याही हाती दिली नाही.

याहून महत्त्वाचे त्यांनी पुढे 1907 साली आपल्या साक्षीत सांगितले. साक्ष म्हणजे श्रद्धावंताने आपल्या अनुभवाविषयी जाहीरपणे दिलेले निवेदन. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता हे जाणवले, असे त्यांनी त्यात प्रांजळपणे नोंदवले आहे. या कबुलीचे मोल फार आहे. बुद्धीला पटलेला धर्म हीसुद्धा पाटीवर कोरायची एक पदवी होऊ शकते; जगातल्या यशाचा अभिमान सोडलेला माणूस धार्मिकतेच्या यशाचा अभिमान धरू शकतो, आणि हा दुसरा अभिमान ओळखू येणे अधिक कठीण असते, कारण तो नम्रतेच्या भाषेत बोलतो. ज्या स्त्रीने एवढी किंमत मोजून धर्म बदलला, तिने आठ वर्षांनंतर आपण अजून दारातच उभ्या आहोत हे पाहिले व लिहून ठेवले, यात तिचे खरे धैर्य आहे.

या भानाची परीक्षा लवकरच झाली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलेले त्यांचे विधवांसाठीचे विद्यालय, शारदा सदन, 1893 च्या धर्मांतराच्या वादात सापडले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्या पालकांची भीती व संताप समजण्यासारखा होता, आणि रमाबाईंचे नाव त्यानंतर मराठी सुधारकांच्या यादीतून दीर्घकाळ जवळजवळ पुसले गेले. काम मात्र थांबले नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. लौकिक गमावल्यानंतर झालेले हे काम लौकिक परत मिळवण्यासाठी झालेले दिसत नाही.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. पौलाजवळ आणि रमाबाईंजवळ बाजूला ठेवण्यासाठी यादी तरी होती. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ताकडे आलेल्या महार आणि मांग कुटुंबांजवळ समाजाच्या लेखी अशी यादीच नव्हती. दत्तकपणाचा संदेश त्यांच्या कानी पडला तो त्यागाची हाक म्हणून पडला नसावा. आजवर नाकारलेले नाव प्रथमच दिले जात आहे, असाच तो ऐकू आला असणार. मंडळ्यांमध्येही सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारली गेली, हे ख्रिस्ती समाजाने मान खाली घालून मान्य करायला हवे, कारण तिथे पौलाने खोडलेला रकाना पुन्हा भरला गेला.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांतले मोठे काम बायबलच्या भाषांतराचे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. रूढ मराठी भाषांतरांतील संस्कृतप्रचुर भाषा केडगावच्या बायकांना कळत नव्हती, म्हणून ज्या पांडित्याने त्यांना पदवी मिळवून दिली होती तेच पांडित्य बाजूला सारून त्या स्वयंपाकघरातले, शेतातले, दळणकांडणातले साधे शब्द शोधू लागल्या. 1919 साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. 1921 साली त्यांची वारस ठरलेली मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला, आणि संपूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले. भागवतासारखे ग्रंथ मुखोद्गत असलेल्या त्या विदुषीची मराठी वाक्ये मुक्तीच्या छापखान्यात जुळवीत होत्या त्या दुष्काळातून वाचलेल्या, तिथेच प्रथम अक्षर शिकलेल्या मुली.