दार बंद करण्यापूर्वी : मुके जीव, निवारा आणि अमानत





नागपूरचा उन्हाळा माणसाचीही परीक्षा पाहतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा जरीपटक्याच्या गल्ल्यांत उभ्या मोटारींच्या सावलीत, नालीच्या काठी, बंद दुकानांच्या ओट्याखाली मांजरे धापा टाकत पडलेली दिसतात. एखादीच्या पोटाशी डोळेही न उघडलेली पिल्ले असतात. ही मांजरे कोणाच्या मालकीची नाहीत, म्हणून त्यांची विचारपूस करणाराही कोणी नसतो. हे दृश्य पाहून ज्यांचे मन कळवळते ते सहज म्हणतात की, मोहल्ल्यातील सर्वांनी मिळून या जिवांसाठी एक निवारा सुरू करावा. हा विचार नेक आहे. मात्र निवारा म्हणजे अखेरीस चार भिंती आणि एक दार. ते दार लावण्यापूर्वी मांजरासंबंधीची सर्वांत प्रसिद्ध हदीस आपण काळजीपूर्वक समजून घेतली पाहिजे.

प्रथम मूळ श्रद्धेकडे वळू या. पवित्र कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये (६:३८) अल्लाहने जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांना माणसांसारखेच समुदाय, म्हणजे 'उम्मत', म्हटले आहे. सूरह हूदमध्ये (११:६) प्रत्येक जिवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःकडे घेतली आहे. या दोन आयतींचा एकत्र विचार केला तर आपले स्थान स्पष्ट होते. गल्लीतल्या मांजराचा अन्नदाता अल्लाह आहे. आपल्या हातून तिला दोन घास मिळाले, तर त्या वाटपात आपल्याला सेवेची संधी मिळाली एवढेच. ज्याला ही जाणीव असते तो मुक्या जिवावर उपकार केल्याच्या थाटात वावरत नाही.

मांजराला तर आपल्या घरात खास सवलत आहे. माननीय अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांची सून कबशा यांनी वुजूचे पाणी ठेवले होते. इतक्यात एक मांजर आली. तिला नीट पिता यावे म्हणून अबू कतादा (रजि.) यांनी भांडे तिच्याकडे कलते केले. सुनेच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहून त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली की, मांजर अपवित्र नाही, ती तुमच्या घरात ये-जा करणाऱ्यांपैकीच आहे. येथे 'ये-जा करणारे' हे शब्द ध्यानात ठेवावेत. मांजराचा स्वभावच मोकळ्या संचाराचा आहे, आणि शरीअतने तो स्वभाव मान्य करूनच तिला सवलत दिली आहे.

माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून ५००० हून अधिक हदीसकथने आपल्यापर्यंत आली. ते ज्या नावाने ओळखले जातात ते नावही एका मांजराच्या पिल्लामुळे मिळाले. शेळ्या चारताना ते त्या पिल्लाशी खेळत आणि रात्री त्याला झाडावर ठेवत. त्यांनीच सांगितलेल्या हदीसींमध्ये ती कठोर हदीसही आहे, जिच्याविषयी आपल्याला बोलायचे आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत तिचा आशय असा आहे : एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली. तिने तिला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-कीटक खाऊन जगावे म्हणून मोकळेही सोडले नाही. मांजर मेली आणि त्या कृत्यामुळे ती स्त्री नरकाग्नीची धनी झाली.

ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो आणि बहुतेकदा 'प्राण्यांवर दया करा' एवढाच बोध घेऊन थांबतो. शब्द नीट पाहा. त्या स्त्रीसमोर दोन रास्त मार्ग होते. तिला मांजर ठेवायचीच असती तर अन्नपाणी द्यायचे होते. ते जमत नसेल तर दार उघडायचे होते. तिने दोन्ही मार्ग बंद केले. गल्लीतल्या प्रत्येक मांजराला पोसले नाही म्हणून तिची पकड झाली नाही. ज्या जिवाला तिने स्वतःच्या कब्जात घेतले, त्याची जबाबदारी तिने उचलली नाही, म्हणून झाली. दार बंद होताच मांजराचा स्वतः अन्न शोधण्याचा हक्क संपतो आणि त्याच क्षणी दार लावणाऱ्याचे कर्तव्य सुरू होते.

म्हणूनच ही हदीस दुष्टांपेक्षा अधिक आपल्यासारख्या भल्या हेतूच्या माणसांशी बोलते. उत्साहाच्या भरात चाळीस मांजरे एका खोलीत आणली, दोन महिने देणग्या आल्या, मग रमजान सरला, स्वयंसेवकांच्या परीक्षा आल्या, भाडे थकले आणि एका मांजरीचा आजार सगळ्यांना लागला. अशा खोलीच्या दारावर 'निवारा' अशी पाटी असली तरी आतली अवस्था त्या स्त्रीच्या घरासारखीच असेल. नियत शुद्ध असणे अनिवार्य आहे. पण नियतीने मांजराचे पोट भरत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले. तेथील उंट त्यांना पाहून कण्हू लागला व त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी (स.) त्याला कुरवाळून शांत केले, मालकाला बोलावले आणि ताकीद दिली की, अल्लाहने ज्या जनावराचे तुला मालक केले त्याच्याबाबतीत अल्लाहचे भय बाळग, तू त्याला उपाशी ठेवतोस आणि थकवतोस, अशी त्याची तक्रार आहे. मुक्या जिवाची तक्रार कोणत्याही कार्यालयात नोंदवली जात नाही. ती जेथे नोंदवली जाते, तेथे आपल्याला एक दिवस उभे राहायचे आहे.

इतिहासातही या विषयाचा एक धडा आहे. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कैरोतील एका वक्फची हकीकत नोंदवली आहे. तेराव्या शतकात सुलतान बैबर्स यांनी आपल्या मशिदीजवळची एक बाग निराधार मांजरांच्या पोषणासाठी वक्फ केली होती. लोक तिला 'मांजरांची बाग' म्हणत. पुढे देखरेख करणाऱ्यांनी जमीन पडीक झाली, खर्च परवडत नाही अशी कारणे दाखवून ती पुन्हा पुन्हा विकली. अखेर मांजरांच्या वाट्याला वर्षाकाठी पंधरा कुरूश एवढा नाममात्र खंड उरला. तेव्हा शहराच्या काझींनी हा भार जवळपास सगळा स्वतःवर घेतला आणि रोज दुपारी न्यायालयाच्या अंगणात मांजरांना खाऊ घातले जाऊ लागले. देणारा सुलतान होता, तरी विश्वस्तांची अमानत ढळताच बाग गेली. ज्याने रोजचा घास चालू ठेवला, त्याच्यामुळे मांजरे जगली. आपल्या मोहल्ल्यात बाग देणारा सुलतान नसेल; रोजचा घास देणारे हात मात्र असू शकतात.

आता आपल्या शहराकडे पाहू या. जरीपटका ही १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसवलेली, दाट आणि मिश्र वस्ती आहे. येथे कोणतेही काम शेजाऱ्यांच्या संमतीवाचून टिकणार नाही, आणि शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याचा हक्क आपल्यावर आहेच. भटक्या प्राण्यांचा प्रश्न नागपुरात न्यायालयापर्यंत गेलेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की, ज्यांना रस्त्यावरील कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या सक्तीला स्थगिती दिली. त्याच वेळी खाऊ घालण्यातून लोकांना उपद्रव होऊ नये, असेही बजावले. केंद्र शासनाच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार वस्तीतील प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी. आपण शेजाऱ्याच्या दारात शिळे मटण टाकून निघून गेलो, तर तो सदका ठरणार नाही. बकरी ईदनंतर रस्त्यावर फेकलेले अवशेषही मांजरांवरची मेहेरबानी नसतात. तो शेजाऱ्याला दिलेला त्रास असतो.

मग कामाची सुरुवात कोठून करावी? हदीसीत दाखवलेल्या मोकळ्या दारापासून. निरोगी मांजराला कोंडण्याची गरज नसते. ती जेथे राहते तेथेच सावलीत पाण्याचे मातीचे भांडे ठेवावे आणि ते रोज धुवावे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मीठ-मसाला नसलेले अन्न द्यावे आणि उरलेले अर्ध्या तासाने उचलून जागा स्वच्छ करावी. मोठ्या मांजरांना दूध अनेकदा पचत नाही. त्यापेक्षा उकडलेल्या कोंबडीचे वा मासळीचे तुकडे बरे, पण त्यांतील हाडे व काटे काढून टाकावेत.

दुसरे काम नसबंदी व लसीकरणाचे. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. केवळ खाऊ घालत राहिलो, तर उद्या उपाशी मरणाऱ्या पिल्लांची संख्याच वाढेल. शरीअतच्या दृष्टीने, हनफी मसलकच्या 'फतावा आलमगीरी'त लाभासाठी किंवा हानी टाळण्यासाठी मांजराचे खच्चीकरण करण्यास मुभा दिलेली आहे. शाफई मसलकमध्ये हे मत अधिक कडक आहे, म्हणून कोकणातील आपल्या बांधवांनी आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा. नागपूरकरांचे भाग्य असे की, सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. तेथील तज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणत्याही मांजराला औषध देऊ नये.

तिसऱ्या पायरीवर निवारा येतो, आणि तो लहान असावा. जखमी, आजारी आणि आईविना पिल्ले यांच्यासाठी एक हवेशीर खोली पुरे. किती मांजरे ठेवायची ही संख्या आधी ठरवावी आणि डोळ्यांत पाणी आले तरी ती ओलांडू नये. आजारी मांजरांना वेगळे ठेवावे. ईदच्या दिवशी, लग्नसराईत, परीक्षेच्या काळात कोण येणार, हे नावानिशी लिहिलेले असावे. बरी झालेली मांजर तिच्या जागी परत सोडावी किंवा जबाबदार घरी द्यावी. गर्भवती भगिनींनी मांजरांची विष्ठा साफ करू नये. कोणाला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे.

पैशाबाबतही स्पष्टता हवी. जकातीचे हक्कदार पवित्र कुरआनने (९:६०) निश्चित केले आहेत. ती गरिबांची अमानत आहे आणि तिच्यातून मांजरांचा खर्च भागवता येणार नाही. या कामासाठी नफ्ली सदका वापरावा, तो वेगळा ठेवावा आणि त्याचा हिशेब दर महिन्याला सर्वांसमोर मांडावा. कैरोच्या बागेचे काय झाले हे आपण पाहिलेच.

मातांना एक विनंती. घरात मांजर व्याली की पिल्ले पोत्यात घालून दूर सोडून देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि बहुधा हे काम मुलांकडूनच करवले जाते. पाळलेला प्राणी भुकेने-तहानेने तडफडेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. त्याहून मोठी बाब अशी की, त्या दिवशी मूल आपल्या आईकडून एक धडा शिकते. त्याला दुसरा धडा द्या. रोज सकाळी पाण्याचे भांडे भरण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केल्याचा प्रसंग त्याला सांगा. तेव्हा सहाबांनी (रजि.) विचारले होते की, जनावरांच्या बाबतीतही पुण्य मिळते काय? प्रेषितांच्या (स.) उत्तराचा आशय असा होता की, प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईचा मोबदला आहे.

ज्यांना जमेल त्यांनी निवारा उभारावा. ज्यांना जमणार नाही त्यांनी पाण्याचे भांडे ठेवावे. दोघांनाही अल्लाहकडे मोबदला आहे. पण ज्याने दार लावले, त्याने रोज सकाळी ते उघडण्याची तयारी ठेवावी.

हे अल्लाह! आमच्या अंतःकरणांत तुझ्या मुक्या जिवांविषयी करुणा निर्माण कर. जी जबाबदारी आम्ही पेलू शकत नाही ती केवळ नावलौकिकासाठी अंगावर घेण्यापासून आमचे रक्षण कर, आणि जी घेतली ती अखेरपर्यंत निभावण्याची शक्ती दे. कयामतच्या दिवशी कोणताही उपाशी जीव आमच्याविरुद्ध तक्रार घेऊन उभा राहू नये. आमीन.