निमित्त कुणाचं?

इंदूरहून महू तासाभरावर. त्यामुळे आमच्या ओळखीत फौजी घरं बरीच. त्यातल्याच एका मावशी परवा म्हणाल्या, "अगं, ह्यांना भरती करताना डोळे, कान, छाती सगळं तपासलं, धडधाकट म्हणून घेतलं. आता आजारी पडले तर म्हणतात, हा आजार तुमच्या अंगचाच!"

ते वाक्य मनातून जाईना.

धरमवीर सिंह यांच्या खटल्यात हाच प्रश्न होता. १९८५ मध्ये ते सैन्याच्या सिग्नल्स दलात गेले, १९९४ मध्ये अपस्मारामुळे घरी आले. आजाराचा नोकरीशी संबंध नाही म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांवर बोट ठेवलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असंच धरायचं. पुरावा देण्याचा भार त्याच्यावर नाही. शंका उरलीच, तर फायदा त्याला. शिवाय आजार नोकरीमुळे झाला नसला, पण बळावला, तरी हक्क आहेच.

आपण प्रवचनात उपादान आणि निमित्त ऐकतो. घड्याचं उपादान माती, निमित्त कुंभार. शरीरात आजाराचं बीज असेलही. पण बर्फातले पहारे, जागरणं, घरापासूनची ताटातूट, हे निमित्त काहीच नाही का?

कुणी म्हणेल, मग कुणीही काहीही मागेल. पैसा तर जनतेचा. खरं आहे. म्हणूनच मेडिकल बोर्ड असतं. पण संबंध नाही म्हणायचं, तर कारण बोर्डाने लिहावं. तपासणीचे, बदल्यांचे कागद सैन्याकडेच असतात. अंथरुणावरच्या माणसाने पुरावा आणायचा कुठून? आणि एखाद्याला चुकून जास्त मिळालं तर पैसा जातो. खऱ्याला नाकारलं तर घर बुडतं. दोन्ही चुका सारख्या नाहीत.

२०२३ मध्ये हे नियम नव्याने लिहिले गेले. नियम बदलतील, प्रश्न तोच राहील. आपल्यालाही तो लागू आहे. आजारी माणसाला "तुझंच कर्म" म्हणणं आपल्याला किती सोपं जातं! कर्माचा सिद्धांत स्वतःकडे बघायला आहे गं, दुसऱ्याचं देणं बुडवायला नाही.

मावशींना मी एवढंच म्हटलं, "कागद जपून ठेवा. आणि अर्ज लिहायचा असेल तेव्हा मला हाक मारा."