नुसतं पाहिलं तर काय बिघडलं?

पुण्यात पूर्वी माणूस निवृत्त झाला की ज्ञानेश्वरी वाचायला घ्यायचा, नाहीतर होमिओपॅथीची पेटी आणायचा. दोन्हींत धोका असलाच तर घरच्यांना. हल्ली तो हातभर लांबीची लेन्स आणतो आणि भल्या पहाटे मातकट-हिरवे कपडे चढवून वेताळ टेकडीकडे, पाषाणच्या तळ्याकडे, रविवार असला तर सिंहगडच्या दरीत जातो. त्या कपड्यांत आपण पक्ष्यांना दिसत नाही अशी त्याची समजूत असते. पक्ष्यांचं मत अजून कुणी विचारलेलं नाही. परतताना जिन्यात दुसरा लेन्सवाला भेटतो आणि विचारतो, "काय मिळालं?"

"शिक्रा मिळाला. नवरंग थोडक्यात हुकला."

मासळीबाजारातून पिशवी घेऊन परतणारा माणूस पापलेट आणि सुरमईबद्दल याच सुरात बोलतो.

अर्थात ही भाषा बंदुकीकडून वारसाहक्कानं आली आहे. खुद्द सलीम अलींची पक्ष्यांशी ओळख लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीनं झाली. पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ते ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घेऊन गेले आणि तिथून त्यांचं पक्षीवेड सुरू झालं. त्या काळी पक्षी नीट ओळखायचा तर तो हातात यावा लागे आणि जिवंत पक्षी हातात यायला राजी नसे. त्या मानानं कॅमेरा किती सात्त्विक! पक्षी त्याच्या फांदीवर, फोटो आपल्या खिशात. नुसतं पाहिलं तर कुणाचं काय बिघडलं?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे आमच्या सोसायटीतल्या उंबरानं दाखवून दिलं. त्याची फळं मोटारींच्या टपांवर पडून डाग पडतात, म्हणून तो तोडण्याची परवानगी मागावी असा ठराव सभेत आला होता आणि जवळजवळ मंजूरही झाला होता. तेवढ्यात तळमजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी एक फोटो फिरवला. वाळक्या फांदीला गोल भोक, भोकाशी तांबट. लाल कपाळ, पिवळा गळा, चोचीत उंबर आणि आतून वासलेली एक इवलीशी चोच. इतकी वर्षं 'टुक टुक' ऐकून आम्हाला वाटायचं, कुणीतरी पाण्याचा पंप चालू ठेवलाय! ज्या सभेत टाकीच्या झाकणावरही कधी एकमत झालेलं नाही, तिथे मुठीएवढ्या पक्ष्यासाठी ठराव एकमतानं फेटाळला गेला. एका फोटोनं एक झाड वाचवलं.

पुढच्या रविवारी त्या झाडाखाली नऊ लेन्सा उभ्या होत्या.

एकानं समोरची डहाळी मोडली, कारण ती 'मध्ये येत होती'. दुसऱ्यानं शिडी आणली. तांबटाची जोडी चोचीत फळ धरून केबलच्या वायरीवर बसली होती. अर्धा तास झाला तरी ती घरट्याकडे येईना. शेवटी तिसऱ्या मजल्यावर पापड वाळत घालणाऱ्या काकू ओरडल्या, "अहो, सरका की जरा! जेवायची वेळ आहे त्यांची!"

"काकू, आम्ही नुसतं पाहतोय," मॅनेजर म्हणाले.

"तेच म्हणते मी. नऊ जण असे दारात पाहत बसले, तर तुमच्या तरी घशाखाली घास उतरेल का?"

एवढं रोखठोक उत्तर मला तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही ग्रंथात सापडलेलं नाही. पाहणं फुकट असतं, ही पाहणाऱ्याची कल्पना. त्याचं बिल ज्याला पाहिलं जातं त्याच्या नावावर फाटतं. पिल्लं असलेल्या पक्ष्याची सकाळ घासांत मोजली जाते. आपण अर्धा तास घेतला, म्हणजे तितके घास घेतले.

नवरंगाची तऱ्हा तर आणखी न्यारी. पावसाच्या तोंडावर तो आपल्याकडे घरटं बांधायला येतो आणि झाडीत दडून बसतो. मग काही हुशार मंडळी मोबाईलवर त्याच्याच आवाजाची फीत लावतात. बिचाऱ्याला वाटतं, दुसरा नर आपल्या जागेवर हक्क सांगायला आला. खाणंपिणं टाकून तो तावातावानं बाहेर येतो. समजा, पहाटे आपल्या दारात कुणी कर्ण्यावरून ओरडलं, "हा फ्लॅट माझा आहे!" आपण लेंग्याची नाडी सावरत धावत बाहेर आलो आणि समोरचा म्हणाला, "वा! काय भाव आहेत चेहऱ्यावर! जरा उजेडाकडे वळता का?" तर?

गंमत म्हणजे, कायदा काकूंच्या बाजूचा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. म्हणजे डहाळी मोडून घरट्याशी खेळणाऱ्याची गणना बंदूकवाल्याच्या पंक्तीत होऊ शकते. पाट वेगळा, पंगत तीच.

म्हणून काय सगळे कॅमेरे मुठा नदीत टाकायचे? मुळीच नाही. त्या फोटोवाचून उंबर आज उभा नसता. ज्याचं तोंड पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी माणूस हात वर करत नाही; मग ती सभा सोसायटीची असो की विधानसभा असो. मॅनेजरांचा पहिला फोटो आणि रविवारचे नऊ फोटो, यांत यंत्राचा फरक नव्हता. पहिल्या वेळी ते गॅलरीतल्या खुर्चीत होते आणि तांबट आपलं काम करत होता. रविवारी त्याचं काम थांबलं होतं. मला वाटतं, नीतीचा सगळा प्रश्न एवढाच आहे. आपण पाहत असताना समोरच्याचं काम चालू आहे ना?

'पाहणारा' आणि 'पाहुणा' हे शब्द एकाच घरातले असावेत असा माझा दाट संशय आहे. व्युत्पत्तीच्या पंडितांनी कानांवर हात ठेवावेत. पाहुण्यानं यावं, चार गोष्टी पाहाव्यात आणि यजमानाचा चेहरा बदलायच्या आत उठावं. पक्ष्याचा चेहराही बदलतो. तो खाणं थांबवतो, अंग आखडतो, एकटक आपल्याकडे पाहू लागतो. पुण्यात ज्यांनी दुपारी दीडला कुणाच्या घराची बेल वाजवली आहे, त्यांना हा चेहरा ओळखणं मुळीच अवघड जाऊ नये.